भिशीचे 40,000 नॅस बॉक्समध्ये घालावेत का?

बेळगावातल्या वडगावहून एका वाचकांनी विचारलं आहे. वडिलांनी जपलेल्या 30 व्हीएचएस आणि 12 मिनीडीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल) कॅसेट घरात आहेत. त्यात भजनी मंडळाच्या बैठका, गल्लीतला गणपती, शिवजयंतीचे चित्ररथ, घरातली लग्नं असं बरंच आहे. हे सगळं, शिवाय मोबाईलमधले व्हिडिओ, एका जागी ठेवून टीव्हीवर बघता यावं म्हणून दुकानदाराने नॅस बॉक्स, म्हणजे राऊटरला जोडून घरातल्या सगळ्या उपकरणांवर फाइल दाखवणारी डिस्कची पेटी, सुचवला आहे. 4 टीबीच्या दोन डिस्क धरून 46,000 रुपये. वाचक स्वतः उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आहेत. पगार हातात 34,000, घरखर्च 26,000, पतसोसायटीत शिल्लक 30,000. मुलगी यंदा एसएसएलसीला (दहावीला). 20 जणांच्या भिशीचे 40,000 आठव्या महिन्यात लागले आहेत. ते यात घालावेत, की बॉक्स नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा?

नमस्कार. बॉक्स आत्ता घेऊ नका, ना रोखीने ना हप्त्याने. कॅसेटवर मात्र या महिन्यातच पैसे घाला.

भिशी लागली म्हणजे पैसे सुटले असं नाही. 12 महिने दरमहा 2,000 भरायचेच आहेत, म्हणजे हातातल्या 40,000 पैकी 24,000 हे दुसऱ्यांचं देणं आहे. सोसायटीतले 30,000 म्हणजे महिन्याभराहून थोडाच जास्त घरखर्च. फाउंड्रीत ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि जूनमध्ये पीयूसीचा (अकरावीचा) प्रवेश आहे. फी, पुस्तकं, क्लास सगळं एकदम येतं. नो-कॉस्ट ईएमआयचंही सांगतो. व्याजाइतकी सूट दाखवतात म्हणून ते शून्य दिसतं. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुम्हीच भरता, शिवाय रोख घेतलं असतं तर मिळाली असती ती सूटही जाते.

दोन ओटीटी बंद करून महिन्याला 250 रुपये वाचतील, त्यातून बॉक्स फिटेल, असं तुम्ही लिहिलं आहे. 46,000 भागिले 250 म्हणजे 184 महिने, 15 वर्षांच्या वर. अशा डिस्कची वॉरंटी बहुधा 3 वर्षांची असते. वीजही धरा. बॉक्स दिवसरात्र चालू राहतो. 20 वॅट धरले तर महिन्याला 14 युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेमुळे तुमचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल शून्य येतं, पण ते ठरवून दिलेल्या युनिटपर्यंतच. त्यावर गेलेल्या युनिटचे पैसे पडतात, आणि 200 ओलांडले तर पूर्ण बिल.

आता जागा किती लागते ते बघू, कारण हा हिशोब दुकानदाराने केलेलाच दिसत नाही. व्हीएचएसचं चित्र डीव्हीडीच्या दर्जाने उतरवलं तर तासाला सव्वादोन-अडीच जीबी. 30 कॅसेट, प्रत्येकी 3 तास धरले तरी 200 ते 225 जीबी. मिनीडीव्ही जशीच्या तशी घेतली तर तासाला 13 जीबी, म्हणजे तासाभराच्या 12 कॅसेटचे 156. मोबाईलचे तुम्ही सांगितलेले 400. सगळं मिळून 800 जीबीच्या आत बसतं. 2 टीबीची साधी पोर्टेबल डिस्क अर्धीही भरणार नाही. ती टीव्हीच्या यूएसबीला लावली की चित्र चालू. ना वायफाय अडखळतं, ना राऊटर बदलावा लागतो. फाइल एमपी4, एच.264 मध्ये असली की बहुतेक टीव्ही ती घेतात. डिस्क फक्त फॅट32 मध्ये फॉरमॅट करू नका, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. घरात दोन-तीन टीव्ही असते, जो तो वेगळं बघत असता, तर नॅस कामाचा होता. तुमच्याकडे टीव्ही एक. पुढे कधी वाटलंच तर जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन हे घरातले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट चालतं.

दोन डिस्कच्या बॉक्समध्ये सगळं सुरक्षित राहतं, हाही समज मनातून काढा. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते, एवढंच. चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून जाते, आणि वीज पडून बॉक्स जळला तर दोन्ही डिस्क जातात. म्हणून 2 टीबीच्या दोन वेगळ्या डिस्क घ्या. एक घरात, दुसरी चंदगडला दिलेल्या बहिणीकडे. 7,500 एकीचे धरले तर 15,000.

खरी घाई कॅसेटची आहे. बेळगावच्या पावसाळी दमटपणात टेपला बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने 2016 सालीच उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतलं मशीन आणि ते हाताळणारा माणूस दरवर्षी कमी होणार. स्टुडिओवाल्याने कॅसेटमागे 300 सांगितले आहेत, म्हणजे सगळ्यांचे 12,600. एकदम देऊ नका. आधी 15 द्या, 4,500 रुपये. डिस्क धरून 19,500 झाले. उरलेले 20,500 पीयूसीसाठी सोसायटीत वेगळे ठेवा, त्याला हात लावू नका. घरखर्च आणि भिशी जाऊन तुमच्याकडे महिन्याला 6,000 उरतात. त्यातून दरमहा 3 कॅसेट, 900 रुपये. नऊ महिन्यांत सगळं उतरेल.

पहिल्या पंधरांत भजनाच्या बैठका घ्या, लग्नं नंतर. वडील 74 वर्षांचे आहेत; मृदंगावर कोण, टाळकरी कोण, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार? ते बघताना नावं वहीत लिहून घ्या. स्टुडिओत डीव्हीडी मागू नका, फाइल थेट तुमच्या डिस्कवर मागा. पहिली एकच कॅसेट उतरवून घरच्या टीव्हीवर आवाजासकट चालवून बघा, मग बाकीच्या द्या. आणि ज्या कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते ती तशी मशीनमध्ये घालू देऊ नका. आधी साफ करवून घ्या, नाहीतर ती बुरशी मशीनच्या हेडवरून पुढच्या कॅसेटलाही लागते.