विनिकुंकाला एकटी निघालीस तर

प्रिय पोरी,

पेरूत कुस्कोला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी विनिकुंका, म्हणजे तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर, असं तू प्लॅनमध्ये लिहिलंयस ना, ते पहिलं खोडून टाक. बाकी सगळं नंतर बोलू.

तू म्हणशील, मावशी, मी अलंग-मदन-कुलंग केलंय, कळसूबाई रात्रीत चढून उतरते, मला काय होतंय. ठीके, तुझ्या पायांबद्दल मला शंकाच नाही. पण कळसूबाई आहे १६४६ मीटर आणि कुस्कोमधला तुझ्या हॉस्टेलचा पलंगच असणार ३४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेह, आणि विनिकुंका ५००० च्या वर (बहुतेक ठिकाणी ५०३६ लिहिलेलं दिसेल). तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच, आणि सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी शरीराला याची सवय लागत नाही कारण सह्याद्रीत तेवढी उंचीच नाही. उलट फिट पोरंच जास्त आडवी होतात, जोरात चढतात, डोकं ठणकायला लागलं तरी होईल ठीक म्हणून पुढं रेटतात. उंचीमुळं होणाऱ्या या त्रासाला तिथले लोक सोरोचे म्हणतात आणि तो कुणाला लागेल याचा काही नेम नसतो, पंचविशीतल्या मॅरेथॉनवाल्याला लागतो आणि त्याच्या शेजारी एखादी साठीची बाई आरामात चहा पीत बसलेली असते.

म्हणून क्रम उलटा कर. लिमाहून विमानानं कुस्कोला उतर, आणि शहरात न थांबता तशीच खाली सेक्रेड व्हॅलीत जा, उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, दोन्ही साधारण २८०० मीटर, तिथं दोन रात्री झोप. मग माचू पिचू, ते तर अजून खाली, २४३० मीटर. लोकांना उगाच वाटतं माचू पिचू फार उंच आहे म्हणून! मग कुस्कोला परत, तिथं दोनेक दिवस नुसतं भटक, सॅन ब्लासचे चढ चढ, सॅन पेद्रो मार्केटमध्ये ज्यूस पी. आणि सगळ्यात शेवटी विनिकुंका, आणि त्याच्यानंतरही एक रिकामा दिवस हातात ठेव. हा रिकामा दिवस तुझ्या प्लॅनमध्ये कुठंच नाहीये आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता टूर न घेता जायचं का. तू लिहिलंयस की पैसे वाचतील म्हणून. नाही वाचणार. कुस्कोहून व्हॅन, नाश्ता, जेवण सगळं धरून ग्रुप टूर एवढी स्वस्त मिळते की एकटीनं बस आणि टॅक्सी केलीस तर हिशोब बरोबरीत सुटेल, कदाचित जास्तच जातील. तेव्हा पैशासाठी जाणार असशील तर सरळ टूर घे, मी काही नावं ठेवणार नाही. पण टूरमध्ये पहाटे तीन-चारला उठवून व्हॅनमध्ये कोंबतात, ज्या दिवशीचं बुकिंग त्या दिवशी जायचंच, बाहेर बर्फ पडतोय की तुझं पोट बिघडलंय याच्याशी घड्याळाला देणंघेणं नसतं, आणि वर गेल्यावर इतक्या वाजता व्हॅनपाशी या, मग लोक त्या वेळेत बसवण्यासाठी धापा टाकत पळतात, आणि पाच हजार मीटरवर पळणं म्हणजे काय ते तुला पहिल्या वीस पावलात कळेल. स्वतः जाण्यात खरी मिळकत एकच, आज नको उद्या असं म्हणता येतं आणि अर्ध्यातून उलट फिरता येतं. ते वापरणार नसशील तर एवढा खटाटोप कशाला?

रस्ता सांगते. कुस्कोहून सिक्वानीकडे जाणाऱ्या बसेस आणि कोलेक्तिवो (म्हणजे आपली वडाप, भरली की सुटते) दिवसभर असतात, विल्कानोता नदीच्या कडेकडेनं जातो तो रस्ता. त्यावरून वर जायला दोन फाटे आहेत. पहिला लागतो कुसिपाता, तिथून चिल्लिवानीवरून गाडी खूप वरपर्यंत जाते आणि चालणं थोडं राहतं, एका बाजूला तीन-चार किलोमीटर. हल्ली बहुतेक टूरवाले इकडूनच नेतात. दुसरा त्याच्या पुढं चेकाकुपेहून पितुमार्का गावातून केसिउनोकडे जातो, हा जुना रस्ता, चालायला जवळजवळ दुप्पट, पण माणसं कमी आणि अल्पाकांचे कळप जास्त, शिवाय आउसांगाते हा सहा हजार मीटरवरचा बर्फाचा डोंगर तोंडासमोर असतो. त्या भागातले केचुआ लोक त्याला देव मानतात, आपू म्हणतात.

मला विचारशील तर पितुमार्का. तिथं साधी हॉस्पेदाखे आहेत, म्हणजे आपल्या लॉजसारखी, गरम पाण्याची खात्री नाही, गोधड्या मात्र भरपूर मागून घे. गाव विणकामासाठी प्रसिद्ध आहे, दुपारी पोचलीस तर बायका दारात माग मांडून बसलेल्या दिसतील. वाटेत चेकाकुपेला बसमधून उतरशील तेव्हा लगेच पुढची गाडी पकडू नकोस, अर्धा तास काढ, तिथं नदीवर शेजारीशेजारी तीन पूल आहेत, इंका पद्धतीचा, स्पॅनिश काळातला दगडी आणि नंतरचा लोखंडी, आणि बघायला सहसा कुणी नसतं, सगळे रंगीत डोंगराकडे पळत असतात.

टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरव. जायचं-यायचं आणि थांबायचं मिळून किती, हे एका वाक्यात विचारायचं, इदा ई वुएल्ता कोन एस्पेरा, आणि आकडा कागदावर लिहून घे. पैसे परत आल्यावर द्यायचे, आधी सगळे दिलेस तर तुला उतरायला उशीर झाल्यावर गाडी थांबेलच असं नाही, आणि तिकडून संध्याकाळी परतायला दुसरं काही मिळत नाही. ड्रायव्हर लॉजवाल्या बाईंच्या ओळखीचा बघ, एकटी आहेस म्हणून हे जास्त सांगतेय, गाडीचा नंबर घरी पाठवून ठेव. सगळं रोखीत, सोल्समध्ये, सुट्टे ठेव, प्रवेश फी वेगळी, टॉयलेटचे वेगळे, शेजारच्या लाल दरीत जायचं तर तिचेही वेगळे.

वर घोडेवाले भेटतील, घोडेवाल्या म्हण, बऱ्याच बायकाच असतात. रंगीत घेरदार झगा, डोक्यावर झालरीची पसरट टोपी आणि पायात जुन्या टायरची कापून केलेली चप्पल, बाकी काही नाही, त्या थंडीत उघडी बोटं. तू दहा पावलं टाकून काठीवर वाकलेली असशील आणि ती घोड्याचा दोर धरून गालात कोकाची पानं दाबून तुझ्या शेजारून तुरुतुरु निघून जाईल, वर त्याच घोड्यावर बसलेल्या टूरिस्टाशी गप्पा मारत. लाज वाटून घेऊ नकोस, ती तिथंच जन्मलीय. घोडा करायचा तर खालीच भाव ठरव आणि लक्षात ठेव की शेवटच्या खड्या चढाला घोडा नेत नाहीत, म्हणजे सगळ्यात वाईट टप्पा पायीच आहे. घोड्यावर बसून वर गेलं की श्वास लागत नाही म्हणून माणसाला कळतच नाही आपण किती उंच आलोय, आणि मग त्या शेवटच्या चढाला एकदम कळतं.

आता त्या रंगांचं. इन्स्टावर जे बघून तुझं डोकं फिरलंय तसं ते दिसत नाही, आधीच सांगते. त्या फोटोंचं सॅच्युरेशन ओढून ओढून वाढवलेलं असतं. खरा डोंगर विटकरी, मातकट पिवळा, फिका हिरवट, पांढरट, जांभळट असा आहे, आणि ऊन असेल तर छान उठून दिसतो, ढग आले की पुसट. पण मला तो फोटोपेक्षा खराच जास्त आवडला, कारण समोर उभं राहिलं की कळतं हे वरून फासलेले रंग नाहीत, आतपर्यंत गेलेले थर आहेत. तळाशी एकावर एक आडवा साचत गेलेला गाळ, मग नाझ्का प्लेट (समुद्राखालचा पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) दक्षिण अमेरिकेखाली घुसत राहिल्यामुळं अँडीज वर उचलला गेला आणि हे सगळे थर कपाटातली साड्यांची चळत कलंडावी तसे तिरके झाले. लाल येतो लोखंडाच्या गंजामुळं, पिवळाही लोखंडाचाच पण पाणी धरून बसलेल्या, हिरवट क्लोराइटसारख्या खनिजांचा, पांढरा वाळूचा दगड आणि चुन्याचा. आपल्याकडं सह्याद्रीतही थरच आहेत पण सगळा लाव्हा, सगळा काळा बेसॉल्ट, आणि आडवेच राहिले. त्यामुळं आपल्या डोळ्यांना ते तिरकं रंगीत प्रकरण बराच वेळ पटत नाही.

सीझन मे ते सप्टेंबर, तेव्हा तिथं कोरडं असतं. डिसेंबर ते मार्च पाऊस, आणि त्या उंचीवर पाऊस म्हणजे बर्फ, पट्टे पांढऱ्याखाली गायब आणि पायवाटेवर चिखल आणि घोड्यांची लीद एकत्र. तुझी सुट्टी डिसेंबरचीच असेल तर मी म्हणेन विनिकुंका विसर, किंवा रिकामे दिवस दोन ठेव. आणि चेकाकुपेच्याच बाजूनं पालकोयो म्हणून अजून एक रंगीत डोंगर आहे, उंची तशीच पाच हजाराला टेकलेली पण गाडी जवळ जाते, चढ जवळपास नाहीच, गर्दी कमी. सोरोचे जाणवत असेल तर तिकडं जा. विनिकुंका केलं नाही म्हणून कुणी तुला फासावर देत नाही.

वाटेला दोर लावलेत त्याच्या पलीकडं जाऊ नकोस, सगळे फोटोसाठी जातात. तो दगड भुसभुशीत आहे, एका पावलानं घसरतो, आणि २०१५ नंतर जी लाट आली त्यात पायवाटा आधीच खूप झिजल्यात, गाड्या लावायला पाणथळ जागासुद्धा बुजवली गेलीय.

औषधाचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तिच्याबद्दल निघायच्या आधी तुझ्या डॉक्टरांशी बोल, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते खास सांग, ग्रुपमधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, माझ्याही नाही. कोकाच्या पानांचा चहा तिथं सगळीकडं देतात, पी, बरं वाटतं, पण त्याच्यानं आजार थांबतो असं धरून चालू नकोस. आणि ती पानं किंवा त्याच्या टी-बॅग बॅगेत टाकून परत आणू नकोस, आपल्याकडं ते बेकायदा आहे, गंमत म्हणून आणलेल्या पाकिटापायी एअरपोर्टवर बसावं लागेल. आदल्या रात्री पिस्को सावर (तिथलं दारूचं कॉकटेल) नको, झोपेची गोळी तर अजिबात नको.

थोडं डोकं दुखणं, भूक मरणं, झोप तुटणं हे होतंच, त्याला घाबरू नकोस, पण वाढत चाललं तर वर जायचं नाही. आणि चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलणं भरकटलं, किंवा गप्प बसून असतानाही धाप लागतेय, खोकला येतोय, तर त्याच क्षणी खाली, फोटो राहू दे, शिखर वीस मिनिटांवर असू दे. एक सोपी तपासणी आहे, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालून बघायचं, जमत नसेल तर खेळ संपला. गंमत अशी की तेव्हा माणसाला स्वतःला मी ठीक आहे असंच वाटत असतं, म्हणून ड्रायव्हरला किंवा वाटेत भेटलेल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेव. रुग्णवाहिकेचा नंबर १०६, पोलीस १०५, पण वर रेंज नसते हे धरूनच चाल.

खाणं. तू अंडंही खात नाहीस म्हणून सांगते, नुसतं सिन कार्ने, म्हणजे मांस नको, म्हणालीस तर चिकन येईल, कारण तिकडं चिकनला कार्नेमध्ये धरत नाहीत, सिन कार्ने, सिन पोयो, असं दोन्ही म्हण, आणि अंड्यासाठी सिन उएवो. किनुआचं सूप, उकडलेले बटाटे (काय बटाटे असतात तिथले!), मोठ्या दाण्यांचं कणीस आणि चीज, यावर दिवस आरामात निघतो. घरून चिक्की ने, वर जेवण जात नाही पण गोड जातं. चिवड्याचं पाकीट नेलंस तर ते वर फुग्यासारखं टम्म होईल, हवा काढून पुन्हा बांध नाहीतर सॅकमध्ये फुटेल आणि मग आठवडाभर कपड्यांतून शेंगदाणे.

कागदपत्रं. पेरूला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर सूट आहे. तुझ्याकडं शेंगेन आहे म्हणालीस, तारीख नीट मोज, आणि तिकीट काढायच्या आधी दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीच्या साईटवर ताजा नियम बघ. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी त्यांचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्यात पडू नकोस. आणि पिवळ्या तापाची लस, ही बहुतेकजण विसरतात. पेरूत शिरताना नाही विचारलं तरी भारतात परत येताना विचारतात, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड ग्राह्य धरतात, तेव्हा आत्ताच नंबर लाव.

आणि आईला पितुमार्काची ती एक रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेव, तिकडचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं, म्हणजे तू दुपारी डोंगरावरून खाली येशील तेव्हा इकडं मध्यरात्र असेल आणि ती जागीच असेल. तिला माझा नंबर दे. मी बोलत बसेन तिच्याशी.

तुझी,
मावशी