‘असलं अभद्र घरात नको’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे, चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वडील गेले. त्यानंतर माझं वाचनच बदललं. आधी नारायण धारपांच्या भयकथा, मग अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट, तिथून आजचा अमेरिकन भयलेखक थॉमस लिगॉटी आणि आता जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर. मित्र म्हणतात, किती निगेटिव्ह वाचतोस. आई रोज दिवेलागणीला दासबोध वाचते. तिनं एकदा विचारलं, ‘या इंग्रजी पुस्तकात एवढं आहे तरी काय?’ मी म्हणालो, ‘माणूस जन्माला आला नसता तर बरं झालं असतं, असं आहे.’ तेव्हापासून ती म्हणते, असलं अभद्र घरात नको. मला मात्र हे वाचून उलट हलकं वाटतं. पण कधी कधी रात्री शंका येते, मी स्वतःलाच फसवतोय का? भयकथा आणि हे निराशेचं तत्त्वज्ञान वाचण्यात खरंच काही अर्थ आहे का?
— एक वाचक, जिल्हा पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘उलट हलकं वाटतं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते ओळखीचं आहे, म्हणून आधी माझी गोष्ट सांगते.

१९९६ साली, सातव्या महिन्यात, माझं दुसरं बाळ पोटातच गेलं. मी तेव्हा २९ वर्षांची होते आणि आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसायचे. घरी महिनाभर माणसं येत होती. बाळ नव्हतं, पण दूध येत होतं; सासूबाईंनी छाती सुती पातळाच्या पट्टीनं घट्ट बांधून दिली होती आणि तशी बसून मी सगळ्यांचं ऐकून घेत होते. ‘एक आहे ना पदरात, मग झालं.’ ‘वय आहे अजून, दुसरं होईल.’ ‘देव करतो ते बऱ्यासाठीच.’ माणसं वाईट नव्हती. पण प्रत्येक वाक्यानंतर मला वाटायचं, माझं जे गेलं ते काही फार मोठं नव्हतं, असंच मला पटवून दिलं जातंय.

कामावर परत गेले तेव्हा परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात जी. ए. कुलकर्णींचं ‘पिंगळावेळ’ होतं. वाचनालय दुपारी दोन ते चार बंद असायचं. खिडकीची फळी पाडून मी आत बसले आणि त्यातली ‘स्वामी’ ही कथा वाचली. तुम्ही वाचली नसेल तर जरूर वाचा. एका माणसाला गोड बोलून, मानानं एका मठात नेतात आणि मग तो बाहेर पडू शकत नाही. जेवण आहे, आदर आहे, सगळं आहे. फक्त दार नाही. ती कथा मला कुठेच ‘बऱ्यासाठी’ असं काही म्हणाली नाही. त्या बंद जागेत एक वेल उजेडाच्या दिशेनं वर वर जाते, त्या पानांशी मी पहिल्यांदा मोकळी रडले. घरच्यांसमोर मला ते जमलं नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ आहे. ज्याच्या घरात दुःख येऊन बसलंय, त्याला ही पुस्तकं दुःख देत नाहीत. त्याच्याशी खोटं बोलत नाहीत, एवढंच. २०२१ च्या मे महिन्यात तुमच्या घरी काय घडलं असेल, याचा मला थोडाफार अंदाज आहे. त्या वेळी तर धड भेटायलाही कुणी येऊ शकत नव्हतं. ‘त्यांची वेळ आली होती’ हे तुम्ही फोनवर किती जणांकडून ऐकलं असेल!

आता शोपेनहावर. तुम्ही ज्याला निराशेचं तत्त्वज्ञान म्हणता त्याच्या मुळाशी आपल्याच घरातलं काही आहे. शहाजहानचा मुलगा दारा शुकोह, त्यानं १६५७ मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत करवून घेतली. त्या फारसीवरून आंकेतील-द्यूपेराँ या फ्रेंच पंडितानं ती लॅटिनमध्ये नेली आणि १८०१-०२ मध्ये छापली. ते लॅटिन पुस्तक शोपेनहावरनं आयुष्यभर जवळ ठेवलं. जगताना त्यानं धीर दिला, मरतानाही तेच देईल, असं त्यानं लिहून ठेवलंय. कुत्र्याला तो ‘आत्मा’ म्हणायचा. इच्छा माणसाला फिरवत राहते, ती पुरी झाली नाही की दुःख आणि पुरी झाली की कंटाळा, या दोन टोकांमध्ये आपण लंबकासारखे झुलतो, हे त्याचं म्हणणं तुम्ही वाचलं असेलच. पण बरेच जण तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. १८३९ मध्ये त्यानं नीतीच्या पायावर एक निबंध डॅनिश विद्वत्सभेकडे स्पर्धेसाठी पाठवला. स्पर्धेत तो एकटाच होता, तरी त्याला बक्षीस दिलं नाही. त्या निबंधात तो म्हणतो, सगळ्या नीतीचा उगम करुणेत आहे. दुसऱ्याचं दुःख बघताना ‘मी’ आणि ‘तो’ यांच्यातली भिंत पडते. आणि तिथे तो उपनिषदातल्या ‘तत् त्वम् असि’चाच, म्हणजे ‘ते तूच आहेस’ याचा, आधार घेतो. जगात दुःखच जास्त आहे, असं म्हणणारा माणूस शेवटी येऊन पोचतो तो इथे. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोलाचा भाग.

पण हेही सांगितलं पाहिजे की, बर्लिनमध्ये राहत असताना, १८२१ साली, दाराबाहेर बोलत बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला त्यानं ढकलून बाहेर काढलं. ती कोर्टात गेली आणि तिच्या मरणापर्यंत त्याला तिला पैसे द्यावे लागले. करुणेवर इतकं नेमकं लिहिणाऱ्या माणसालाही ती आपोआप आली नाही. तुम्हाला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर याच ठिकाणी घ्या. ही पुस्तकं वाचून तुम्हाला शिफ्टमधल्या दमलेल्या सोबत्याचा चेहरा जास्त दिसायला लागला, की कमी? जास्त दिसत असेल तर तुम्ही स्वतःला फसवत नाही आहात.

लिगॉटीचं २०१० चं ‘द कॉन्स्पिरसी अगेन्स्ट द ह्यूमन रेस’ मी हळूहळू, दोन महिने घेऊन वाचलं. त्याचा मोठा आधार म्हणजे पेटर वेसेल त्साफ्फे हा नॉर्वेचा गिर्यारोहक आणि विचारवंत. मी तर म्हणेन, आधी त्याचा १९३३ चा छोटा निबंध वाचा, ‘शेवटचा मसीहा’. तो म्हणतो, शिंगं अवजड होऊन एखादी हरणाची जात नामशेष व्हावी, तशी माणसाला त्याची जाणीव अवजड झाली आहे. मग आपण तिला आवरतो कसं? नको तो विचार मनाबाहेर ठेवून. देव, घर, देश अशा एखाद्या खुंटीला मन बांधून. सतत कशात तरी गुंतून राहून. आणि चौथा मार्ग म्हणजे त्या दुःखाचंच काही घडवून. आणि तो स्वतःच कबूल करतो की, हा निबंध त्या चौथ्या मार्गाचाच नमुना आहे; लिहिणारा या क्षणी दुःख भोगत नाहीये, तो पानं भरतोय. ते वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. तो नव्वद वर्षं जगला आणि मूल होऊ द्यायचं नाही हा निश्चय त्यानं पाळला.

लिगॉटीशी माझं एका ठिकाणी अजिबात पटत नाही. जगणं बरं आहे म्हणणारा प्रत्येक जण त्याला फसलेलाच वाटतो. १९९८ मध्ये मला मुलगी झाली. ती वर्षाची असताना वरणभाताच्या ताटात दोन्ही हात घालून हसायची. आधीच्या बाळाचं दुःख तेव्हाही माझ्या अंगात होतं आणि ते हसणंही तितकंच खरं होतं. यातलं एक खोटं ठरवल्याशिवाय दुसरं खरं ठरत नाही, हे मी मान्य करणार नाही.

भयकथेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण मला ती वेगळी वाटते. धारपांच्या ‘समर्थ’च्या कथा आठवा. अमंगळ काहीतरी घरात शिरतं, पण त्याला ओळखणारा आणि अडवणारा कुणीतरी असतो. आमच्याकडे धारपांची पुस्तकं कपाटात राहतच नसत, कडा मळून काळ्या झालेल्या. शाळकरी मुलं घाबरायला न्यायची आणि घाबरून, पण सुखरूप परत यायची. लव्हक्राफ्टकडे अडवणारा कुणीच नाही. विश्वाला आपली खबरच नाही, हेच त्याचं भय. वडील गेल्यावर तुम्ही धारपांकडून तिकडे का सरकलात, ते मला समजतं. फक्त लव्हक्राफ्ट सावधपणे वाचा. न्यूयॉर्कमध्ये राहताना त्यानं लिहिलेल्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’मध्ये परदेशातून आलेली गरीब माणसंच किळसवाणी करून दाखवली आहेत. भय विश्वाचं असेल तर वाचू. शेजारच्या माणसाविषयीची घृणा भय म्हणून कुणी वाढत असेल, तर ते ताट मी बाजूला सारते.

एक काळजीपोटी विचारते. ही रात्रीची शंका शिफ्टमुळे झोप मोडल्यावर येते, की झोपच लागत नाही? जेवण नकोसं झालं असेल, पुस्तकातलं ‘जन्मलो नसतो तर’ हे स्वतःच्या जिवाबद्दल खरं वाटायला लागलं असेल, तर ते वाचनाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. मला पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. आणि रात्रपाळीहून आल्याआल्या लिगॉटी उघडू नका, आधी झोपा.

आता आईचं. तुम्ही तिला पुस्तकाचं सार एका वाक्यात सांगितलंत आणि वडिलांना जाऊन फार दिवस न झालेल्या घरात ते वाक्य तिनं मुलाच्या तोंडून ऐकलं. ती घाबरली ती पुस्तकाला नाही. पण तिच्या हातात रोज जो ग्रंथ असतो, त्याचा तिसरा दशक काढा, पहिला समास.

‘जन्म दुःखाचा अंकुर । जन्म शोकाचा सागर । जन्म भयाचा डोंगर । चळेना ऐसा ॥’

असं ओवीमागून ओवी चाललंय. पुढच्या समासांत एका माणसाचं अख्खं आयुष्य येतं; बायको मरते, दुसरं लग्न होतं, पोरं होतात, दारिद्र्य येतं, म्हातारपणी घरचीच माणसं कंटाळतात. समर्थ रामदास काही लपवत नाहीत. फरक आहे तो पुढचा. समर्थांना तिथून भक्तीकडे, वैराग्याकडे जायचंय, त्यांच्यापुढे दार उघडं आहे, त्साफ्फेपुढे नाही. तुमच्यापुढे आहे की नाही, ते मी ठरवू शकत नाही, आईही नाही. पण जन्माला दुःखाचा अंकुर म्हणणारी ओवी तुमची आई वर्षानुवर्षं दिव्यासमोर बसून वाचत आली आहे. तिला ती अभद्र वाटलेली नाही.

पुढच्या सुट्टीला दिवेलागणीच्या वेळी तिच्याजवळ बसा आणि तो समास तुम्ही मोठ्यानं वाचा, तिला ऐकू दे. लिगॉटीचं नाव काढू नका. वाचून झाल्यावर ती काय म्हणाली, ते मला कळवा.