बचावपथकासाठी एटीव्ही घ्यावी का?

जमलेल्या देणगीतून सिंहगड, राजगड आणि तोरणा परिसरातील बचावकार्यासाठी पुण्यातील आपल्या गटाने एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी गाडी, घ्यावी का, असे आपण विचारले आहे. बरीच वर्षे स्ट्रेचरला खांदा दिल्यावर माझे मत असे झाले आहे की, जखमीला आडवे झोपवून खाली कसे आणणार, हे आधी ठरवावे आणि गाडीचा विचार त्यानंतर करावा.

टांग टाकून बसायची, हँडलची चारचाकी एटीव्ही, म्हणजे क्वाड, गाडीवाटेवर आणि पठारावर शोधासाठी उत्तम आहे. परंतु तिच्या मागच्या कॅरियरवर स्ट्रेचर बांधण्याचा मोह टाळावा. त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो, चालकाला चढावर आणि वळणावर अंग झुकवायला जागा उरत नाही आणि थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असल्याने खड्ड्यात हात हिंदकळला की गाडी नको तेव्हा उसळी घेते. जखमीसाठी स्टिअरिंग, पट्टे, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागे हौदा असलेली, शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड एटीव्हीच हवी. ती मात्र रुंद असल्याने पायवाटेत शिरत नाही.

एका पावसाळी सरावात ओढा ओलांडताना आमच्या गाडीच्या सीव्हीटीत, म्हणजे पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या गिअर यंत्रणेत, पाणी शिरले. इंजिन ओरडत होते, चाके मात्र ढिम्म, कारण ओला पट्टा पुलीवर घसरत होता. सीव्हीटीच्या आवरणाचे बूच काढून पाणी सोडले आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडा वेळ फिरवले, तेव्हा कुठे ती हलली. ते बूच अंधारातही हाताला सापडले पाहिजे.

सैन्याने 2025 च्या पंजाबातील पुरात वापरलेली एटोर एन1200 ही मोठ्या चाकांची एटीव्ही पाण्यावर तरंगते, पण आपले काम पुराचे नाही. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हा अवजड यंत्रे वर चढवता आली नाहीत आणि जवानांना पायी जाऊन हातानेच ढिगारा उपसावा लागला, हे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. सिंहगडावर तर पुणे दरवाजाजवळच्या वाहनतळापर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदरवाजाकडे जाणाऱ्या खड्या वाटेवर कोणतीच गाडी चढणार नाही.

शिवाय अशा बहुतेक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नसल्याने त्या ट्रेलरवरून न्याव्या लागतात, आणि वनहद्दीत वनखात्याची परवानगी लागते. म्हणून यंदा एकचाकी स्ट्रेचर आणि चांगले दोर घ्यावेत, असे मी सुचवेन.