मोठ्याचं सिरप धाकटीला चालेल का?

प्रश्न: मुलगी सव्वा वर्षाची, वजन १० किलो. ताप आला की सासूबाई म्हणतात दादाचंच पॅरासिटामॉल दे चमचाभर. देऊ का?

उत्तर: चमचाभर नको हो ताई! डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला जास्तीत जास्त १५०. आता दादाची बाटली उजेडात धरून बघा, ५ मिलित २५० लिहिलं असेल तर ३ मिलिच्या वर जायचं नाही, आणि ड्रॉप्समधे तर १ मिलितच १०० असतं, तिथेच लोक फसतात. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज घ्या. दोन डोसमधे निदान ४ तास, दिवसात चारच वेळा. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. पोर मलूल वाटली तर डॉक्टरकडेच न्या.