सुरुंगाचे हादरे आणि वटवाघळांची गुहा

प्रश्न : डोंगरातून खोदल्या जाणाऱ्या एका बोगद्यापासून काहीशे मीटरवर संकटग्रस्त वटवाघळांची गुहा आहे. आवाज मानवी वस्तीसाठीच्या मर्यादेत आणि कंपने इमारतींसाठी सुरक्षित पातळीच्या आत राहतील, म्हणून परिणाम नगण्य, असे अहवालात म्हटले आहे. हा निष्कर्ष मान्य करावा का?

उत्तर : एवढ्या आधारावर करू नये. नेहमीच्या ध्वनिमापनातील डेसिबल माणसाच्या श्रवणशक्तीला जुळवून घेतलेले असतात, आणि २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे बहुतेक वटवाघळे जिथे प्रतिध्वनीवरून वाट काढतात तिथे, ते मापन जवळपास बहिरेच असते. अर्थात, अशा उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत फार लवकर विरत असल्यामुळे यंत्रांचा तो आवाज गुहेपर्यंत पोहोचण्याचा संभव कमीच. ऐकू येणारा गोंगाट मात्र दूरवर जातो, आणि तोही निरुपद्रवी नसतो : कीटकांच्या हालचालीची खसखस ऐकून शिकार करणारी एक युरोपीय जात महामार्गाच्या गोंगाटात शिकार करणे टाळते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

कंपनांच्या बाबतीत अहवालाचा युक्तिवाद अधिकच लंगडा आहे. इमारतींसाठीची मर्यादा, जी खडकाच्या कणांच्या कमाल वेगात, मिलिमीटर प्रति सेकंद या एककात दिली जाते, ती भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून ठरवलेली असते. छताला लटकलेला प्राणी कशाने दचकेल, याच्याशी तिचा काही संबंध नाही. त्यासाठी कंपनमापक गुहेच्या खडकावरच बसवावा लागतो, आणि काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. त्याच काळात संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची अवरक्त कॅमेऱ्याने मोजणी करावी, आणि कामापासून दूर असलेल्या दुसऱ्या एखाद्या गुहेतही ती समांतर चालू ठेवावी; नाहीतर संख्या घटली ती हादऱ्यांमुळे की ऋतुमानामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा हंगामाचा, आणि अहवालांत नेमका तोच एका ओळीत उरकलेला असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यात साठवलेल्या चरबीचा मोठा हिस्सा शीतनिद्रेतून मधूनमधून जागे होण्यातच खर्ची पडतो, त्यामुळे स्फोटांनी वारंवार झोपमोड झाली, तर वसंतापूर्वीच साठा संपू शकतो. उष्ण प्रदेशांत धोका पिल्लांच्या काळात असतो : बहुतेक जातींच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, आणि घाबरून थवा उडाला की न उडणारी पिल्ले खाली पडतात.

पुलांखाली, सततच्या वाहतुकीच्या आवाजात सुखाने राहणारी वटवाघळे आहेत, हे खरे. पण एकसुरी आवाजाला सरावणे वेगळे आणि अचानक स्फोट सोसणे वेगळे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एकाच गुहेत आढळणाऱ्या, ग्रॅनाइटच्या खाणकामाने धोक्यात आलेल्या पर्णनासिक वटवाघळासारखी जात असेल, तर प्रयोग करून पाहण्याइतकीही मोकळीक नसते. आपण निदान एवढे मागावे की पिल्लांच्या किंवा शीतनिद्रेच्या काळात सुरुंग लावू नयेत, एरवी थोड्या दारूचे, टप्प्याटप्प्याने उडणारे स्फोट करावेत, आणि कंपनांची कोणती पातळी ओलांडल्यास काम थांबवायचे, तो आकडा कंत्राटातच लिहावा.