बाटलीत जे आलं तेच सांगता येते

(शासकीय न्यायसहायक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात 22 वर्षं काढलेल्या आमच्या ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

ताई नमस्कार. माझे काका सप्टेंबरात पऱ्हाटीवर फवारणी करून घरी आले अन् रात्री उलट्या, तोंडाला फेस, घामानं बनियान ओलंचिंब. दवाखान्यात 9 दिवस राहिले अन् गेले. आता ऑफिसवाले म्हणतात व्हिसेरा (मेलेल्याच्या अवयवांची विषतपासणी) रिपोर्ट आणा मंगच 2 लाखाच्या मदतीची फाईल पुढं जाईन. ठाण्यात गेलो की म्हणतात आला नाई. 7 महिने झाले, वाट पाहून राहिलो. लॅबमध्ये येऊन भेटलो तर रिपोर्ट भेटते का? अन् त्यात विष नाई निघालं तर पैसे गेले, असं खरं का? – एक पुतण्या, दारव्हा तालुका

भाऊ, लॅबच्या गेटवर येऊन उपयोग नाही, रिपोर्ट नातेवाइकाच्या हातात देत नसतात, तो ठाण्याला अन् पीएम (पोस्टमॉर्टम) करणाऱ्या डॉक्टरला जाते. पण आधी एक पहा, बाटल्या ठाण्यातून निघाल्या तरी का. माझ्या नोकरीत मी अशा बाटल्या पाहिल्या ज्या पोलीस ठाण्याच्या कपाटात चार-चार महिने पडून होत्या, कारण लॅबला न्यायला शिपाई मोकळा नव्हता, अन् घरचे इकडे लॅबला शिव्या देत बसले. म्हणून ठाण्यात जाऊन 'रिपोर्ट आला का' असं विचारू नका, मर्ग नंबर (ठाण्यातला अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा नंबर) सांगा अन् विचारा की व्हिसेरा कोणत्या तारखेला जमा केला, लॅबची पोच कुठं आहे. पोच असली तर तिच्यावरचा नंबर लिहून घ्या अन् त्या नंबरवर ठाण्याकडून स्मरणपत्र पाठवायला लावा. सगळं लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

आता दुसरा भाग, अन् हा जास्त महत्त्वाचा. तुमच्या काकांच्या केसमध्ये 'विष आढळले नाही' असा रिपोर्ट येऊ शकते, तयारी ठेवा. विष नव्हतं असा त्याचा अर्थ नाही. फवारणीचं औषध त्यांनी पिलं नव्हतं ना, ते कातडीतून अन् श्वासातून गेलं, म्हणजे पोटात सापडायला काही नाहीच, अन् 9 दिवस सलाईन, अ‍ॅट्रोपिन (अशा विषावरचा उतारा) चालू असताना शरीरानं ते मोडून लघवीवाटे बाहेर टाकलं. नवव्या दिवसानंतरचं लिव्हर माझ्या टेबलावर आलं तर मी काय शोधू? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली अन् फवारा सगळा तोंडावर, तेव्हापासून मी सांगून राहिली की अशा केसमध्ये खरा पुरावा पहिल्या दिवसाच्या रक्तात असते.

तर दवाखान्यातून पूर्ण केस पेपर काढा, त्यात कोलिनेस्टरेज नावाची रक्ततपासणी केली का पहा. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या फवारणीच्या औषधानं हे एन्झाइम खाली येते, अन् भरतीच्या दिवशी खाली होतं असं कागदावर असलं तर ते माझ्या रिपोर्टपेक्षा भारी आहे. अ‍ॅट्रोपिन किती दिलं तेही लिहिलेलं असते, साध्या उलटीला कोणी एवढं अ‍ॅट्रोपिन देत नाही. फवारलेल्या औषधाचा डबा फेकला नसेल तर तो पंचनाम्यात घ्यायला लावा. अन् सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबचा रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, आल्यावर काम संपत नाही, हे लोकांना माहीतच नसते. पीएमच्या कागदावर 'मत राखून ठेवले, व्हिसेरा जपून ठेवला' असं लिहिलं असेल तर रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरकडं परत जावं लागते, अंतिम मत तो देते. रिपोर्ट, केस पेपर, कोलिनेस्टरेज सगळं समोर ठेवून मत लिहून मागा. बऱ्याच फायली इथंच अडकतात, लॅबमध्ये नाही.

मॅडम, मी वर्धा जिल्ह्यातली, एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. मला टॉक्सिकॉलॉजीत जायचं आहे. घरचे म्हणतात मुलीच्या जातीनं मुडद्याचं काम काहून करावं. खरंच कसं असते?

मुडदा तुला दिसणार नाही ग, तो डॉक्टर पाहते. तुझ्यापर्यंत येतात प्लास्टिकच्या बाटल्या, मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवलेलं जठर, आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनी, वेगळं रक्त, अन् नुसत्या मिठाच्या पाण्याची एक बाटली, म्हणजे कोणी म्हणू नये की विष मिठातच होतं. (मीठ का? फॉर्मॅलिन टाकलं तर पेशी कडक होतात अन् विष काढणं मुश्कील होते. तरी एखाद्या वेळी फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलं येतेच, तेव्हा डोकं धरून बसायचं.)

सकाळ सगळी सील पाहण्यात जाते. सीलचा ठसा पत्रावरच्या नमुन्याशी जुळला नाही तर बाटली उघडायची नाही, परत. मंग लिव्हर बारीक करा, प्रथिनं बाजूला काढा, सॉल्व्हंटमध्ये विष ओढा, टीएलसी प्लेटवर (मिसळलेले पदार्थ वेगळे करणारी पातळ थराची काच) थेंब लावा, रंग उमटते का पहा, मंग मशीनवर खात्री करा. सडलेल्या अवयवातून विष ओढायची मूळ युक्ती 1850 ची आहे, बेल्जियमच्या स्टासनं एका मेलेल्या माणसाच्या अवयवातून निकोटीन काढून दाखवलं होतं, आज जीसी-एमएस हे विष ओळखायचं मशीन आलं तरी पहिली पायरी तीच, अन् ती हातानंच करावी लागते. वास? येते. जून महिन्यात लाईट गेली की काय येते ते लिहित नाही. महिनाभरात नाक शिकते, अन् ते शिकलेलं नाक कामाचंही आहे, बाटली उघडताच लसणासारखा वास आला की कुठून सुरू करायचं ते समजते.

सगळ्यात जास्त डोकं खाते ते पत्रावरचं 'अज्ञात विष'. घरात कोणता डबा सापडला, तोंडाला कसला वास होता, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होत्या की मोठ्या, एवढं लिहिलं तर निम्मं काम झालं. पण नाही. अन् गावात तर कोणतंही औषध पिलं तरी बयाणात 'एंड्रिन पिलं' असंच येते, एंड्रिन या जुन्या कीटकनाशकावर 1990 पासून बंदी आहे बाई, पण नाव काही मरत नाही.

कोर्टात जावं लागते, पण दरवेळी नाही. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट साक्षीशिवाय वाचता येते, आधी सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम 293 होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 329. पण वकिलानं मागितलं अन् कोर्टानं बोलावलं की एसटी पकडायची, अन् सहा वर्षं जुन्या केसबद्दल 'तुम्हाला आठवते का' विचारतात. आठवत नसते. वर्कशीटवर जे लिहिलं तेच सांगायचं, म्हणून अक्षर चांगलं ठेव. शिक्षणाचं म्हणशील तर केमिस्ट्री पक्की कर, फॉरेन्सिकची डिग्री पाहिजे तर नागपूरलाच शासकीय संस्था आहे. घरच्यांना सांग, मुडद्याचं नाही, केमिस्ट्रीचं काम आहे, अन् महिन्याच्या महिन्याला पगार येते. माझ्या मायला दुसरं कारण पटलं होतं.

गडचिरोली जिल्ह्यातला आहे, गाव सांगत नाही. आमच्याकडं एक जवान माणूस रात्री चांगला झोपला, पहाटे पोट दुखते म्हणे, मंग पापण्या उघडेना, दुपारपर्यंत गेला. व्हिसेरामध्ये काहीच नाही आलं. आता लोक म्हणतात विष नाही तर करणीच, अन् एका म्हातारीकडं बोट दाखवून राहिले.

हे पत्र मी दोनदा वाचलं. जमिनीवर झोपला होता का? पहाटे पोटदुखी, मंग पापण्या पडणं, मंग श्वास जाणं, हे सगळं मण्यार सापाशी जुळते. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. त्याचं विष नसांवर जाते, रक्तावर नाही, म्हणून दवाखान्यात काचेच्या नळीत 20 मिनिटं रक्त ठेवून गोठते का पाहतात ती टेस्टसुद्धा नॉर्मल येते. अन् सापाचं विष आमच्या नेहमीच्या व्हिसेरा तपासणीत दिसतच नाही, ते प्रथिन आहे, आम्ही शोधतो औषधं, कीटकनाशकं, दारू, धातू. मण्यारच होता हे मी इथून छातीठोक सांगू शकत नाही, पण 'आढळले नाही' म्हणजे आम्ही जे शोधलं ते त्या बाटलीत नव्हतं, एवढंच. मलेरिया डोक्यात गेला तरी माझा रिपोर्ट कोराच येईन.

म्हातारीला हात लागायच्या आत ठाण्यात जा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, एखाद्याला करणी करणारी म्हणून बदनाम करणं, त्रास देणं हा गुन्हा आहे. अन् पीएम करणाऱ्या डॉक्टरला गावात आणून चार लोकांसमोर बोलायला लावता आलं तर पहा, ते माझ्या लिहिण्यापेक्षा लवकर पटते.

ताई, गव्हाला कीड लागू नये म्हणून पोत्यात त्या गोळ्या टाकल्या, वास येते थोडा. लेकरं त्याच खोलीत झोपतात. काही होत नाही ना? – आर्वीकडची एक गृहिणी

होते. अंक हातात असेल तर आधी उठून लेकरांची अंथरुणं दुसऱ्या घरात टाका, मंग पुढचं वाचा. ज्याला लोकं सल्फास म्हणतात त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू निघते. तो हवेपेक्षा जड आहे, खाली बसते, अन् लेकरं खालीच झोपतात. त्यावर उतारा नाही. दारं-खिडक्या उघडा, तुम्हीपण त्या खोलीत थांबू नका, पोत्याला आत्ता हात लावू नका. उद्या कृषी सहायकाला विचारून ते धान्य राहत्या घराबाहेर काढा, राहिलेल्या गोळ्यांच्या डब्यावर पाणी पडू देऊ नका. अन् कोणाला मळमळ, छातीत दुखणं, धाप असं काही वाटलं तर सकाळची वाट पाहू नका, डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरला नाव वाचायला भेटलं पाहिजे.