उजवा कौल आणि हुकलेली ॲडमिशन

प्रिय सोनू,

आजीने गावच्या देवळात तुझ्या ॲडमिशनसाठी कौल घेतला, उजवा मिळाला, तरी सीट गेली. "मग देव खोटं बोलला का? आणि आजीने बोललेल्या नवसाचं काय?" असं तू विचारलंस. हे दोन वेगळे व्यवहार आहेत. आधी कौलाचं, म्हणजे देवाला होकार-नकार विचारण्याचं बघू.

दक्षिण कोकणात गुरव देवाच्या पाषाणाला आंघोळ घालतो आणि ओल्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या, कळे (फुलांच्या कळ्या) किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतो. गोव्यात यालाच प्रसाद लावणं म्हणतात. कळे कुठे आणि किती लावायचे, ही प्रत्येक देवळाची आपापली रीत. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे मागणं बोलून दाखवायचं: कुणाचं काम, कोणतं काम, कधीपर्यंत. पाणी सुकत गेलं की कळा सुटतो. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा आधी पडला तर नकार किंवा 'सध्या थांब'. काहीच पडलं नाही तर वाट बघायची. पंखा लावून घाई करायची नाही. (करणारे असतात!)

घोळ होतो तो प्रश्नातच. "ॲडमिशन मिळेल का?" असं विचारणं म्हणजे देवाकडे निकाल मागणं. जुनी माणसं परवानगी मागत: पाया खणू का, सोयरीक पुढे नेऊ का. उजवा कौल म्हणजे 'कर, मी पाठीशी आहे'. तुझे मार्क, त्या वर्षीच्या सीट्स, निवड समितीची मर्जी, यांची हमी त्यात कुठेच नसते. दुसरी चूक म्हणजे ॲडमिशन आणि स्कॉलरशिप एकाच दमात विचारणं; कळा पडला तर तो कशाला पडला, हे कसं कळणार? मुदत न घालणं ही तिसरी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डावा आला की तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारणं. त्याला मी श्रद्धा म्हणणार नाही, तो हट्ट झाला.

वेळेच्या बाबतीत तर कोकण देवापुढे कॅलेंडरही बाजूला ठेवतं. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मुंबईचे चाकरमानी त्यानंतर रेल्वेच्या तिकिटांसाठी धावतात. त्याच तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण बघ. काही वर्षांनी एकदा सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री राहतो. चौथ्या दिवशी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतात. तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. घर समोर दिसत असतं, तरी कुणी आत शिरत नाही. 'थांब' हेही उत्तरच आहे, ही सवय तिथे पोरांना लहानपणीच लागते.

आता नवस. तो बोलतानाच अट घातलेली असते: 'अमुक झालं तर तुझी ओटी भरीन.' झालं नाही तर देणं लागत नाही, आणि देव रागावेल ही भीती बिनबुडाची. पण आजीने मुदत घातली होती का, ते विचार. 'यंदा' म्हटलं असेल तर विषय संपला. मुदत नसेल आणि पुढच्या वर्षी ॲडमिशन झाली, तर मात्र तो फेडावा लागेल. बाकी, देवाशी अशी अटीची बोली करावी का, यावर आपल्याकडेच एकमत नाही. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला लागला असता, असं तुकोबांनी रोखठोक विचारलं. आणि 1630च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बुडालं, बायको गेली, मुलगा गेला, तेव्हा 'बरें झालें देवा निघालें दिवाळें' म्हणणारेही तेच. मी तुकोबांच्या बाजूची. पण आजीचा नवस मोडीत काढायचा अधिकार आपल्याला नाही.

तू पुढच्या सत्राला अर्ज करणार असशील आणि आजीला पुन्हा कौल घ्यायचा असेल, तर प्रश्न तूच एका वाक्यात लिहून पाठव: कोणता कोर्स, अर्ज करू की नको, कोणत्या तारखेपर्यंत. तिने साडी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं आधीच आणून ठेवलं असेल, तर ओटी नवसाशिवायही भरता येते. फक्त गाऱ्हाण्यात तसं स्पष्ट सांगायला सांग, नाहीतर नवस फिटला की राहिला, यावर पुढच्या मे महिन्यात घरात वाद होईल.

तुझी,
आई